उरलेला घास

माझे सासरे येसाजी पोशीरमध्ये फार कमी बोलणारे म्हणून प्रसिद्ध होते, आणि माझी सासू भागूबाई त्यांच्याशी तर अजिबातच बोलत नसे. कळंबहून लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिले पंधरा दिवस जीव मुठीत धरून वावरले. मला वाटायचं, यांचं काहीतरी मोठं बिनसलंय आणि आता माझा पायगुण निघणार. शेवटी हिरामणला, म्हणजे माझ्या नवऱ्याला विचारलं. तो रेल्वेत लाईनीवर कामाला, माणूस बिनधास्त. म्हणाला, त्यांचं असंच असतं, तू तुझी भाकर भाज.

कारण पुढे कळलं. माझी आजेसासू, मामंजींची आई, मोठी कडक बाई होती. वडीलधाऱ्यांच्या देखत सुनेने नवऱ्याशी बोलायचं नाही हा नियम तेव्हा घरोघर होता, पण आमच्याकडे आजेसासू घरभर असायची, त्यामुळे तिच्या माघारी अशी जागाच उरत नव्हती. आत्याबाईच्या, म्हणजे माझ्या सासूच्या लग्नानंतर ती बावीस वर्षं जगली. ती गेली आणि दोघांना बोलायची मोकळीक मिळाली, पण तोवर सवय गेली होती.

तरी ती दोघं बोलायची. मामंजी शेतातून आले की पाय धुवायला पाण्याचा तांब्या उंबऱ्यापाशी ठेवलेला असे. उंबऱ्याच्या बाहेर असला तर सगळं ठीक. आतल्या बाजूला असला तर आत या, काहीतरी झालंय. मग मामंजी आत येऊन आत्याबाईच्या तोंडाकडे एकदा बघायचे, एवढंच. तेवढ्यात त्यांना कळायचं की हिला कुठे दुखतंय, कोण टाकून बोललंय, की माहेरची आठवण आलीय. आणि मामंजींचा राग ताटात कळायचा. एरवी ते ताट बोटांनी पुसून स्वच्छ करायचे. राग आला की भाताचा एक घास कडेला ठेवून उठायचे. तो घास बघून आत्याबाई दिवसभर डोकं चालवायची, आपली चूक शोधून काढायची, आणि संध्याकाळपर्यंत ती निस्तरलेली असायची. दुसऱ्या दिवशी ताट स्वच्छ.

मला या प्रकाराचा संताप यायचा. माझं सगळं तोंडावर. मी म्हणायचे, देवाने तोंड दिलंय तर सांगून का टाकत नाहीत. आत्याबाई हसायची. म्हणायची, तुझं अजून कवळं वय हाय.

पण मामंजींच्या नजरेचं मोल मला ठाऊक होतं, कारण मी त्याच नजरेने या घरात आले. कुणाकडे मुलगी बघायला जायचं असलं की गावातले लोक त्यांना बरोबर न्यायचे. परतीच्या वाटेवर ते एवढंच सांगायचे, पोर राजी हाय, किंवा पोर राजी नाय, आणि ते कधी चुकल्याचं कुणी ऐकलं नाही. मला बघायला आले तेव्हा आमच्याकडे धान्याची ओढ होती. पाहुण्यांना पुरावं म्हणून मला कालपासून काही मिळालं नव्हतं, आणि पोर आत्ताच जेवली असं आई हसून सांगत होती. मी पानाचं तबक ठेवलं. मामंजींनी माझ्याकडे बघितलं आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "पोरीला आदी भाकर द्या. बाकीचं मागनं बघू." त्या एका वाक्यावर मी त्यांची सून झाले. मनातून लेकच झाले.

दुसरी मोठी लढाई संपली त्या साली दिवाळीनंतर आमचा ढवळ्या बैल गेला. वासरू असल्यापासून मामंजींनी हाताने चारून वाढवलेला. हिरामणला ते सांगायचा धीर होईना, म्हणून तो ओटीवर नुसताच उभा राहिला. मग कसंबसं सांगितलं. मामंजी म्हणाले, "बरं." आणि भात झाला का, असं विचारलं. आम्हाला वाटलं, दुःख गिळलं.

मग ते शेतावर जायचे बंद झाले. ओटीवर बसून राहायचे. आळस म्हणावा तर तसंही नव्हतं. भारा उचला म्हटलं की उचलायचे, पण म्हटल्याशिवाय हात हलायचा नाही. बांधावर जा म्हटलं तर जायचे आणि कुणी परत आणेपर्यंत तिथेच उभे राहायचे. नामा गुरव म्हणाला, येसाजीला वैराग्य आलंय. वैराग्य आलेला माणूस वेळेवर चार भाकऱ्या मागत नाही, असं मी त्याला सुनावलं. मामंजींची भूक उलट वाढली होती.

आणि मग अंबू पडली. माझी अडीच वर्षांची पोर, ओटीवरून खाली दगडावर आपटली, कपाळ फुटलं. मी परसात होते, किंकाळी ऐकून धावले. मामंजी तिच्यापासून हातभर अंतरावर बसले होते. पोर रक्ताने माखून आज्याकडे हात करून रडत होती, आणि आजा तिच्याकडे बघत बघत आपल्या पायावरच्या माश्या हाकत होता. माझं डोकं फिरलं. मी त्यांना वाटेल ते बोलले. माणूस आहात का दगड, इथपर्यंत बोलले. सासऱ्याशी असं बोलणारी सून तेव्हा गावात दुसरी नव्हती. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, भूक लागलीय. पुढे आठ दिवस मी त्यांच्याशी अबोला धरला. तो त्यांना कळलासुद्धा नाही. त्याची आता मला लाज वाटते.

आत्याबाईचं दुखणं माझ्यापेक्षा वेगळं होतं. तिने तांब्या उंबऱ्याच्या आत ठेवायला सुरुवात केली. मामंजी आत येऊन पाय धुवायचे आणि तिच्याकडे न बघता पुढे जायचे. ती वाटेत उभी राहिली तर बाजूने जायचे. आता ज्या बाईने सारा जन्म या माणसाच्या गप्प बसण्यातून अर्थ काढला, तिला असं कसं वाटावं की या गप्प बसण्यात अर्थच नाही? तिने अर्थ काढला. यांना राग आलाय.

मी म्हटलं, राग असता तर ताटात घास उरला असता. ताट तर रोज स्वच्छ असतं.

"म्हून तर भ्या वाटतं," ती म्हणाली. "घासात मावंल एवढा ह्यो राग नाय."

तो कशाचा, ते तिने भात सडताना सांगितलं. उखळावर आम्ही दोघी, तिचं मुसळ खाली की माझं वर. तिने सांगताना एकदाही मुसळ थांबवलं नाही. मानमोडीच्या साली, म्हणजे तापाच्या साथीने घरंच्या घरं बसली त्या साली, त्यांचा पहिला मुलगा विठू तीन वर्षांचा होता. मामंजी गाडी घेऊन चौकला गेले होते, मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर माल वाहायला. विठूला ताप भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोशा गाडीवान दारात आला, चौकला निघालोय, येसाला काही निरोप आहे का म्हणून. ओटीवर आजेसासू बसली होती. तिने सांगितलं, काही नाही, पोराला साधा ताप आहे. आत्याबाई दाराआड पोराला मांडीवर घेऊन बसली होती. पोराचे डोळे फिरलेले तिला दिसत होते. नवऱ्याला बोलवा, एवढं सासूच्या देखत म्हणायचं होतं. ते तिच्या तोंडून निघालं नाही. पोशाचे बैल वळले, घुंगरं लांब गेली. रात्रीत विठू गेला.

मामंजी तिसऱ्या दिवशी आले. तांब्या उंबऱ्याच्या आत होता. त्यांनी आत येऊन तिच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि बाहेर निघून गेले. त्यावर एक अक्षर नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. सुतक फिटल्यावर पहिल्यांदा भात वाढला, ताट स्वच्छ.

"अठ्ठावीस वर्सं झाली," आत्याबाई म्हणाली. "त्यांनी माज्या तोंडावर काय वाचलं, मला ठाव नाय. माफ केलं का दाबून ठिवलं, तेबी ठाव नाय. आता म्हातारपनी त्यो राग वर आलाय."

तिला एवढंच हवं होतं. माफी नसली तरी चालेल, पण त्यांच्याकडून एकदा कळायला हवं होतं. मी तिला वेडी म्हटलं, आणि मग मलाच रडू आलं.

हिरामणचं आणि माझं ठरलं, डॉक्टरला दाखवायचं. आत्याबाई यायला तयार नव्हती. राग काय डॉक्टरच्या बाटलीने जातो का, म्हणाली. आम्ही मामंजींना नेरळपर्यंत गाडीतून आणि तिथून आगगाडीने कर्जतला नेलं. तिथे हेमचंद्र डॉक्टर म्हणून होते, गावातल्या जुन्या घरातले, मुंबईत शिकलेले. आमच्यासारख्यांना अहो-जाहो करायचे.

डॉक्टरांनी खूप विचारलं. भाताची खाचरं किती, बांधावर आंबे किती, मुलाचं नाव काय, नातीचं काय. मामंजींनी सगळं बरोबर सांगितलं. मला वाटलं, चला, काही झालेलं नाही. मग डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, माझ्या तोंडाकडे बघा, मी कसा आहे ते सांगा. आणि त्या शहाण्यासुरत्या माणसाने डोळे वटारले, नाकपुड्या फुगवल्या, दात आवळले. हिरामणला हसू आवरेना.

मामंजी म्हणाले, "डाक्टर."

डॉक्टरांनी तोंड पाडलं, ओठ थरथरवले. आता? मामंजी म्हणाले, "डाक्टर." मग ते तोंडभर हसले. तरी डाक्टरच. हिरामणचं हसू कुठच्या कुठे गेलं. शेवटी डॉक्टर माझ्याकडे बोट करून म्हणाले, "सूनबाईंकडे बघा बरं. त्या कशा आहेत?"

तोवर माझ्या डोळ्यांना धार लागली होती. मामंजींनी माझ्याकडे बघितलं. नीट, वेळ घेऊन बघितलं. मी मनात म्हणत होते, मी तीच, जिची भूक तुम्ही ओळखलीत. ओळखा.

"कुकू फिसकाटलंय," मामंजी म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांना बाहेर बाकावर बसवलं आणि आम्हाला सांगितलं. मेंदूचा पुढचा भाग हळूहळू झिजत चाललाय. हे म्हातारपणाचं विसरणं नव्हे, हे वेगळं. त्यांना दिसतं सगळं, पण दिसलेलं आत लागत नाही. दुसऱ्याचं दुःख ओळखू येत नाही आणि स्वतःहून काही करावंसं वाटत नाही. यात त्यांचा दोष नाही, हट्ट नाही. मी विचारलं, राग? डॉक्टर म्हणाले, राग नाही आणि लोभही नाही. औषध माझ्याकडे नाही, मुंबईतही कुणाकडे नाही, तुम्ही पैसे आणि पाय झिजवू नका. त्यांनी फी घेतली नाही. त्याने मला जास्तच भीती वाटली.

परत येताना मी ठरवून टाकलं की आत्याबाईला स्पष्ट सांगायचं. मला वाटत होतं, तिच्या मनावरचं ओझं उतरेल. घरी आल्याबरोबर सांगितलं, त्यांना राग आलेला नाही, आजार आहे, डोक्यात राग-लोभ काही उरलेला नाही. ती बराच वेळ चुलीतली लाकडं आतबाहेर करत राहिली.

मग म्हणाली, "म्हंजे इठूचं त्यांनी काय मनात ठिवलं व्हतं, ते आता त्यांनाबी ठाव नाय?"

मी इतका वेळ आनंदाची बातमी म्हणून काय घेऊन आले होते, ते तेव्हा मला समजलं. दुसऱ्या दिवशी मात्र आत्याबाईने डॉक्टरला निकालात काढलं. त्या डाक्टरने यांचा राग कुठे बघितलाय, म्हणाली. तिने मीठ सोडलं, सोमवार धरले, मामंजींच्या आवडीचं रोज करू लागली. मी चिडून, समजावून, गप्प राहून, सगळं करून बघितलं. काही उपयोग झाला नाही. हिरामण तर घरी आला की बापाकडे बघणंच टाळायचा.

पुढच्या वर्षी चैत्रात, भाताच्या रोपांसाठी शेतात राब भाजून झाल्यावर, एका दुपारी ती बोलली. मामंजी जेवायला बसले होते. भात आणि सुकटीचं कालवण. मी चुलीपाशी भाकऱ्या थापत होते. आत्याबाई वाढून झाल्यावर उठली नाही, त्यांच्या समोरच बसली.

"अवो," ती म्हणाली.

त्या घरात मी सहा वर्षं होते. तिने त्यांना हाक मारलेली मी तोपर्यंत ऐकली नव्हती. माझा हात परातीतच राहिला.

"पोशा दारात व्हता. मी दाराआड व्हते. इठूचे डोळे फिरले व्हते, मला दिसत व्हतं. आई बसल्या व्हत्या म्हून मी तोंड उघाडलं नाय. पोर माज्या गप बसन्यानं गेलं. तुमी आलात तवा माज्या तोंडाकडं बघितलंत. काय दिसलं, ते सांगा. राग असंल तर राग सांगा."

मी तिचं तोंड बघितलं. ते बघून वाटेवरचा परका माणूससुद्धा घास खाली ठेवून उठला असता. मामंजींनीही बघितलं. जेवता जेवता मान वर करून थेट तिच्या तोंडाकडे बघितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. ती सगळं अंग ताठ करून तशीच बसून राहिली, त्यांना नीट वाचता यावं म्हणून.

"डोळ्यांतनं पानी येतंय," मामंजी म्हणाले. कौलातून गळतंय असं सांगावं, तसं. आणि ताट पुढे केलं. "कालवन वाढ."

तिने वाढलं. ते जेवले. शेवटी बोटांनी ताट पुसून घेतलं, बोटं चाटली. ताटात शितही उरलं नाही. आत्याबाई त्या ताटाकडे बघत होती, आणि तिला कळत चाललंय हे मला समोर दिसत होतं. तिने पदर तोंडाला लावला नाही, गळा काढला नाही. हलक्या आवाजात म्हणाली, "एक घास ठिवा वं. राग म्हून ठिवा. एकच."

मामंजी म्हणाले, "संपलं." आणि हात धुवायला पुढे केले. तिने त्यांच्या हातांवर पाणी घातलं.

दुसऱ्या दिवसापासून तिने सोमवार सोडले आणि मीठ खायला लागली. डॉक्टरचं नाव पुन्हा काढलं नाही. फक्त एक करायची. मामंजींना भात वाढला की स्वतःच्या हाताने एक घास वळून ताटाच्या कडेला लावून ठेवायची आणि समोर बसायची. मामंजी बाकीचा भात संपवायचे आणि मग तो घासही खाऊन टाकायचे. हे पावणेदोन वर्षं चाललं. मी एकदा म्हटलं, कशाला जिवाला त्रास करून घेता. ती म्हणाली, एखाद्या दिवशी राहील.

शेवटच्या महिन्यात मामंजींना गिळता येईनासं झालं. पेज भरवली तर ओठांतून परत यायची. भात तर नावालाच, पण आत्याबाई ताट वाढायची थांबली नाही. एका दुपारी ती ते ताट घेऊन माझ्याकडे आली. भात तसाच होता, कडेचा घासही तसाच होता. मामंजी ओटीवर डोळे उघडे ठेवून पडले होते.

तिने ताट माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, "मोते, खरं सांग. ह्यो राग असंल का गं?"

मी आयुष्यात कुणाची भीड ठेवली नाही. जे आहे ते तोंडावर सांगितलं, सासऱ्याला, नवऱ्याला, गुरवालासुद्धा. त्या दिवशी मी म्हटलं, "व्हय आत्याबाय. राग हाय."

आत्याबाईने माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं. मग ताट घेऊन आत गेली.